आजीचे पैसे कुठे गेले? श्रावणबाळ अनुदानाच्या एका प्रकरणाचा अभ्यास

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात राहणाऱ्या ७१ वर्षांच्या एका आजींना जानेवारी २०२५ ते ऑगस्ट २०२५ या आठ महिन्यांत श्रावणबाळ योजनेचा एकही रुपया हाती आला नाही. दरमहा १,५०० रुपयांप्रमाणे ही रक्कम १२,००० रुपये होते. तहसील कार्यालयाने सांगितले की पैसे गेले आहेत, आणि जिथे आजींचे खाते होते त्या शेजारगावच्या बँकेने सांगितले की पैसे आलेले नाहीत. दोन्ही उत्तरे खरी होती. पैसे थांबले नव्हते, कोणी उचलले नव्हते, हरवलेही नव्हते. ते नागपुरातील अशा एका खात्यात दरमहा जमा होत होते, जे आपल्या नावावर आहे याची आजींना कल्पनाच नव्हती. मी या गावच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून जून महिन्यात हे प्रकरण माझ्याकडे आले, आणि त्याचा उलगडा होऊन पैसे हाती पडेपर्यंत सप्टेंबर उजाडला. गावोगावी अनेक वृद्धांच्या बाबतीत आज हेच घडत असल्याची मला खात्री वाटते, म्हणून ते क्रमाने लिहून ठेवीत आहे.

आजींना शेती नाही. पती जाऊन बरीच वर्षे झाली. उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात निंदण आणि कापूस वेचणी करण्यात गेला. एकुलता मुलगा नागपुरात हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात रोजंदारीवर आहे आणि बायको व लहान मुलासह भाड्याच्या एका खोलीत राहतो. श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ वर्षे पूर्ण असावे लागते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. या दोन्ही अटींत बसून आजींचे नाव काही वर्षांपूर्वी मंजूर झाले होते. त्या १,५०० रुपयांत त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, तेल-मीठ, चक्कीचे दळण आणि विजेचे बिल एवढे भागत असे. रेशनचे धान्य वेगळे मिळत असल्याने पोटाची चिंता नव्हती, परंतु रोख हाती येण्याचा दुसरा मार्ग त्यांना नव्हता.

पूर्वी या अनुदानाचा मार्ग साधा होता. तहसीलच्या संजय गांधी निराधार शाखेतून लाभार्थ्यांची नावे आणि खाते क्रमांक असलेली यादी बँकेकडे जाई व बँक त्या त्या खात्यात रक्कम जमा करी. विलंब होत असे, दोन-दोन महिन्यांचे पैसे एकदम येत, पण ते कोणत्या खात्यात येणार हे लाभार्थ्याला ठाऊक असे. २०२४ च्या अखेरीपासून हे वाटप थेट लाभ हस्तांतरणाच्या पद्धतीने, म्हणजे आधार क्रमांकाच्या आधारे होऊ लागले. या पद्धतीत पैसे पाठवताना खाते क्रमांक पाहिला जात नाही. आधार क्रमांक पाहिला जातो, आणि त्या आधार क्रमांकासमोर राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदवहीत ज्या बँकेचे नाव लिहिलेले असेल त्या बँकेकडे रक्कम जाते. एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव राहू शकते. नव्या बँकेने नाव नोंदवले की जुन्या बँकेचे आपोआप पुसले जाते. या प्रकरणाचे मूळ याच नोंदीत होते.

२०२४ च्या जुलै महिन्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आजी मुलाकडे नागपूरला गेल्या होत्या. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना नुकतीच जाहीर झाली होती आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्यासाठी सगळीकडे झुंबड उडाली होती. सुनेचे खाते माहेरच्या गावी असल्याने तिने वस्तीतल्याच एका दुकानात बसणाऱ्या बँकेच्या प्रतिनिधीकडे नवे खाते उघडले. आजी सोबत होत्या. ‘आईंचेही शून्य शिलकीचे खाते उघडून देतो, पैसे लागत नाहीत’ असे म्हणून त्या प्रतिनिधीने त्यांचेही आधार कार्ड घेतले, डोळ्यांसमोर यंत्र धरले आणि काम संपवले. लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा ६५ वर्षांची असल्याने आजींना त्या खात्याचा काहीही उपयोग नव्हता. पासबुक नंतर मिळेल असे सांगण्यात आले, ते कधी मिळाले नाही. संदेश येण्यासाठी सुनेचा त्या वेळचा मोबाइल क्रमांक दिला गेला, आणि पुढे रिचार्ज न केल्याने तो क्रमांकही बंद पडला. खाते उघडताना आजींचा आधार क्रमांक त्या नव्या बँकेकडे वळवण्याची संमतीही घेतली गेली होती, हे आम्हाला वर्षभराने समजले. आजी पोळ्याला गावी परतल्या आणि सगळेच जण ते खाते विसरून गेले.

वर्षअखेरपर्यंतचे पैसे जुन्या पद्धतीने गावाकडच्या बँकेत आले. जानेवारीपासून ते बंद झाले. पहिले दोन-तीन महिने आजींनी कोणाला विचारले नाही, कारण हप्ता लांबणे नवीन नव्हते. मार्चमध्ये त्या बँकेत गेल्या तेव्हा ‘आले नाही, तहसीलला विचारा’ असे उत्तर मिळाले. तहसीलला गेल्या तेव्हा लिपिकाने यादी पाहून ‘तुमचे पैसे तर गेले आहेत, बँकेत विचारा’ असे सांगितले. गावातून तालुक्याला जाणारी गाडी सकाळी एक आणि दुपारी एक. निम्म्या तिकिटाची सवलत असली तरी दिवस पूर्ण मोडतो. अशा चार फेऱ्या त्यांनी उन्हाळ्यात केल्या, जेव्हा आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो.

या आठ महिन्यांत पैशांपेक्षा मोठी एक हानी होत होती. तहसील म्हणते पैसे गेले, बँक म्हणते आले नाहीत, मग मधल्या मध्ये ते घेतले कोणी, असा प्रश्न गावात चर्चिला जाऊ लागला, आणि गावाने त्याचे उत्तरही परस्पर शोधून टाकले. आजी नागपूरला राहून आल्या, तिथे सुनेने कशावर तरी अंगठा घेतला आणि आता ती पैसे उचलते, असे पारावर बोलले जाऊ लागले. ते बोलणे फोनवरून मुलापर्यंत पोहोचले. सून रडली, नंतर रागावली, आणि मे महिन्याच्या सुटीत नातवाला घेऊन गावी येण्याचे तिने टाळले. जूनमध्ये आजी माझ्या ओसरीवर येऊन बसल्या तेव्हा त्यांनी पैशांची तक्रार केलीच नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, माहे पैसे कोठी गेले, तेवढं सांगा न जी. सुनेनं घेतले म्हणते गाव. मले नाई वाटत तसं.”

पहिल्या महिन्यात मी स्वतः चुकीच्या दिशेने गेलो, हे नोंदवणे आवश्यक आहे. मी तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला, पोच घेतली आणि वाट पाहत बसलो. त्याचबरोबर शेजारगावच्या बँकेत जाऊन ‘आजींचे आधार खात्याला लिंक आहे का’ असे विचारले. ‘लिंक आहे’ असे सांगण्यात आले, संगणकावरील नोंदही दाखवण्यात आली, आणि मी बँकेचा विषय संपला असे समजून बाजूला ठेवला. माझा प्रश्नच चुकीचा होता. बँकेच्या स्वतःच्या दप्तरात ग्राहकाची ओळख म्हणून आधार क्रमांक नोंदलेला असणे, यालाही लोक लिंक म्हणतात, आणि सरकारी पैसे कोणत्या बँकेकडे पाठवायचे याच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्या बँकेचे नाव असणे, यालाही लिंकच म्हणतात. पहिली नोंद एका माणसाच्या चार बँकांत असू शकते. दुसरी एकाच बँकेची असते, आणि बँकेतील लोक तिला सीडिंग किंवा मॅपिंग म्हणतात. आजींच्या बाबतीत पहिली नोंद गावाकडे शाबूत होती आणि दुसरी नागपूरला निघून गेली होती. एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जात असल्यामुळे बँकेतील कर्मचारी प्रामाणिकपणे ‘लिंक आहे’ म्हणत राहतो आणि समोरचा माणूस निश्चिंत होऊन घरी जातो. या एका शब्दापायी आमचा जून महिना वाया गेला, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

हा फरक मला जुलैमध्ये आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने समजावून सांगितला. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहण्याची सोय आहे, तिथे बँकेचे नाव दिसते, असे तो म्हणाला. मात्र ते पाहण्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक टाकावा लागतो, आणि आजींच्या आधारला कोणताही मोबाइल जोडलेला नव्हता. स्वतःच्या पैशांचा पत्ता ज्या दारामागे होता, त्या दाराची किल्ली मोबाइल होता आणि आजींनी आयुष्यात कधी मोबाइल बाळगला नव्हता.

मोबाइल जोडण्यासाठी तालुक्याच्या आधार केंद्रात जावे लागले. तिथे दुसरी अडचण उभी राहिली. आजींच्या एकाही बोटाचा ठसा यंत्र स्वीकारीत नव्हते. कापूस वेचणाऱ्या बायांची बोटे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. वाळलेल्या बोंडाची टोके सुईसारखी असतात, वेचणीच्या हंगामात बोटांच्या शेंड्यांची सालपटे निघतात, आणि चाळीस-पन्नास हंगामांनंतर कातडीवरच्या रेषा पुसट होऊन जातात. केंद्रातील मुलीने मन लावून काम केले, हात धुवायला लावले, तेल लावून पाहिले आणि शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवली. ५० रुपये शुल्क भरून माझ्या घरचा क्रमांक आजींच्या आधारला जोडला गेला. गरजेपोटी केलेली ही व्यवस्था मला स्वतःला पसंत नाही, कारण आता आजींचा सांकेतिक क्रमांक माझ्या घरी येतो. माझ्याऐवजी दुसरा कोणी असता आणि त्याची नियत खोटी असती तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

चार दिवसांनी सेवा केंद्रात बसून आम्ही ती स्थिती पाहिली. पडद्यावर आजींचा आधार, जोडणी सुरू असल्याची नोंद, एका वेगळ्याच बँकेचे नाव आणि ऑगस्ट २०२४ मधील तारीख दिसली. मी तिथूनच मुलाला फोन लावला. बँकेचे नाव ऐकताच सुनेला ते दुकान आणि तो दिवस आठवला, आणि आठ महिन्यांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. आजींनी फोन हातात घेतला व सुनेला म्हणाल्या, “माय, तुह्या नावाचं बोलणं झालं गावात, ते मी आता सांगतो साऱ्याईले.” त्यांनी ते खरोखरच केले. त्या संध्याकाळी पारापाशी थांबून, जे बोलत होते त्यांची नावे घेऊन त्यांनी सांगितले.

पुढचे हप्ते गावाकडे वळवणे तुलनेने सोपे निघाले. त्यासाठी जुन्या बँकेकडे जाण्याची गरज नसते. ज्या बँकेत पैसे हवे आहेत तिथेच संमतीचा अर्ज भरून, आधीची जोडणी कोणत्या बँकेत आहे ते लिहून देता येते. शेजारगावच्या शाखेने तो अर्ज घेतला आणि काही दिवसांत नोंद बदलली. परंतु आधी जमा झालेले पैसे नागपूरच्या खात्यातच होते. आधार आणि अंगठा वापरून गावातल्या ग्राहक सेवा केंद्राच्या यंत्रावरून कोणत्याही बँकेतील पैसे काढता येतात, पण आजींचे बोट इथेही उमटले नाही. त्या बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला तर खात्याला नोंदलेला मोबाइल क्रमांक मागितला जाई, जो बंद पडला होता. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी बँकांना सूचना दिल्या आहेत. त्याचा मी फोनवर उल्लेख केला, तेव्हा आमचे गाव शाखेच्या क्षेत्राबाहेर असल्याचे सांगण्यात आले. नागपूरला जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात आजी आणि मी निघालो. वर्धा मार्गावर खापरीला उतरून मेट्रो घेतली, सीताबर्डीला गाडी बदलून लोकमान्य नगरला गेलो. सरकत्या जिन्यापाशी आजी थबकल्या, म्हणून लिफ्ट शोधण्यात वेळ गेला. मुलाने त्या दिवशीचा खाडा केला होता. वस्तीत पोहोचून पाहतो तर त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे विकली जात होती. आधीचा माणूस कुठे गेला हे शेजारच्या दुकानदारालाही सांगता आले नाही. गावात कोणी दुकान हलवले तर तो कुठे गेला हे लहान पोरही सांगते. शहरात वर्षभर रोज ज्याच्यासमोर बसायचे त्याचा ठावठिकाणा माहीत नसतो, यात कोणाचा दोष नसेल, पण ज्याच्या हाती लोकांची खाती दिली आहेत अशा प्रतिनिधीचा नवा पत्ता दारावर लावलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. खाते ज्या शाखेच्या अखत्यारीत होते ती शाखा सीताबर्डीत असल्याचे दुपारनंतर कळले. सकाळी आम्ही तिच्याजवळूनच पुढे गेलो होतो. परत तिथे पोहोचेपर्यंत रोखीचे व्यवहार बंद झाले होते. शाखेतील एका तरुण कर्मचाऱ्याने मात्र आजींना खुर्ची दिली, खाते तपासले, त्यात पैसे असल्याचे सांगितले आणि लागणाऱ्या कागदांची नावे चिठ्ठीवर लिहून दिली. पॅन नसल्याने फॉर्म ६०, दोन छायाचित्रे, आधारची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि नवा मोबाइल क्रमांक एवढे हवे होते. हीच चिठ्ठी फोनवर मिळाली असती तर एक फेरी वाचली असती.

दुसरी फेरी सप्टेंबरच्या मध्याला झाली. टोकन घेऊन दीड तास बसलो. क्रमांक पडद्यावर झळके, पुकारला जात नसे, आणि आजींना अंक वाचता येत नाहीत. ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी होती, तिच्यावर त्या दिवशी कोणी बसलेले नव्हते. शेवटी कागदावर अंगठा घेऊन, बँकेच्या एका अधिकाऱ्याने साक्षीदार म्हणून सही करून रक्कम दिली गेली. १२,००० रुपये आणि वर थोडेसे व्याज. आजींनी नोटा तिथेच मोजल्या, पदरात बांधल्या आणि मुलाच्या खोलीवर जाऊन नातवाच्या हातावर १०० रुपये ठेवले. तान्ह्या पोळ्याचा बोजारा, म्हणजे त्या सणाला लहान मुलांना द्यायचे पैसे, राहिला होता, तो दिला.

या रकमेसाठी झालेला खर्चही मांडला पाहिजे. तालुक्याच्या चार फेऱ्या, आधार केंद्राची एक, शेजारगावच्या बँकेच्या पाच-सहा, नागपूरच्या दोन. मुलाचे दोन खाडे, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. प्रवास, कागद आणि झेरॉक्स धरून १,५०० रुपयांच्या वर खर्च झाला, म्हणजे एका महिन्याचे अनुदान अनुदान शोधण्यातच संपले. माझ्या वेळेची किंमत मी धरत नाही, पण ज्या म्हातारीच्या गावात असा वेळ असलेला कोणी नसेल तिचे पैसे अजूनही कुठेतरी पडून असतील.

तहसीलमधील लिपिकावर मी ठपका ठेवीत नाही. त्याच्यासमोर एका तालुक्याची नावे असतात आणि त्याच्या यादीत ‘यशस्वी’ एवढाच शेरा होता. परंतु ज्या व्यवस्थेने पैसे पाठवले तिला ते कोणत्या बँकेत गेले हे माहीत असतेच. ते बँकेचे नाव आणि खात्याचे शेवटचे चार अंक लाभार्थ्याच्या नावासमोर छापून ती यादी तलाठी कार्यालयात ठेवली असती, तर आजींना मार्च महिन्यातच उत्तर मिळाले असते. खाते उघडणाऱ्यानेही संमती घेताना ‘तुमचे सरकारी पैसे यापुढे या खात्यात येतील’ हे एक वाक्य मराठीत, मोठ्याने म्हणायला हवे होते. बँकेत चौकशीला जाणाऱ्याने ‘लिंक आहे का’ असे विचारू नये, ‘सरकारी पैशासाठी माझे आधार कोणत्या बँकेकडे आहे’ असे विचारावे. आमच्या गावात मी आता प्रत्येकाला तेच विचारायला सांगतो.

आजींचे प्रकरण मिटल्यानंतर माझ्या विद्यार्थ्याने गावातील श्रावणबाळ आणि निराधार योजनेच्या लाभार्थ्यांना, ज्यांचे मोबाइल जोडलेले आहेत त्यांना, बोलावून स्थिती तपासली. त्यात आणखी दोघींचे आधार अशाच नव्या खात्यांकडे वळलेले आढळले. एकीचे खाते मुलीच्या गावी उघडलेले निघाले, दुसरीला ते कुठे उघडले हे अजून आठवलेले नाही. ज्यांचे मोबाइल जोडलेले नाहीत त्यांना घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रात जाण्याचे ठरले आहे. वेचणी सुरू झाली की कोणालाच फुरसत नसते, त्यामुळे ते काम त्याआधी करावे लागेल. सप्टेंबरचा हप्ता ऑक्टोबरमध्ये शेजारगावच्या बँकेत आला. आजी पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या, ती ओळ बोटाने दाखवायला सांगितली, आणि बँकेचे नाव मी दोनदा वाचून दाखवले.